मधी कोण ओढतंय?

लोहाऱ्याहून आमच्या शाळेच्या गावाकडं जाताना ओढ्याच्या अलीकडं एक वळण लागतं. घाटातलं वगैरे काही नाही, एका शेताला वळसा घालून जाणारं साधं वळण. पण हमीदभाई आपली जीप ज्या वेगानं तिथून काढायचे, त्या वेगाला ते फार व्हायचं. जीप डावीकडं वळायची आणि आत कोंबलेले आम्ही सगळे उजवीकडच्या माणसांवर जाऊन पडायचो. मी शाळेत मराठी शिकवायचे. मला जत्रेतल्या पाळण्याकडं नुसतं बघूनही चक्कर येते, म्हणून वळणाआधीच मी डोळे मिटून घ्यायचे. मग कुणाच्या तरी कोपराखालून बिराजदार सरांचा आवाज यायचा, "बाहेर फेकलं असं कुणी म्हणू नका. कुणी फेकलेलं न्हाय."

खरं तर तसं कुणी म्हटलेलंच नसायचं. रोजची माणसं शहाणी झाली होती. पण माहेराहून परतणारी एखादी नवी बाई भाबडेपणानं "अगं बाई, फेकलंच की" म्हणून जायची आणि सरांचा चेहरा उजळायचा. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणजे पुस्तकातले बाकीचे धडे कसेबसे उरकून वर्तुळाकार गतीच्या धड्यावर येऊन मुक्काम ठोकायचे. ते त्या बाईला समजावू लागायचे. आपल्याला सरळच जायचं असतं. जीप वळते, आपण वळत नाही. मग जीपचं दार नाहीतर शेजारचा माणूस आपल्याला आत ढकलतो, म्हणून आपणही जीपबरोबर वळतो. बाहेर फेकणारं बल असं काही नसतंच. जे असतं ते आत, मध्याकडं. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. बाई तोवर उतरलेली असायची आणि सर उरलेलं वाक्य मला सांगायचे.

एकदा मी त्यांच्यावर आदळले आणि सवयीनं माफी मागितली, तर म्हणाले, "माफी कशाला, बाई? तुमी सरळच चालला होता. म्या तुमाला आत ढकललं." मी म्हटलं, आमच्या विषयात याला धक्का मारणं म्हणतात आणि ते चारचौघांत बोलून दाखवायचं नसतं. पुढून हमीदभाई म्हणाले, "गाडी घुमातूं मैं, ढकलते सर, और नाम खराब होता रस्ते का."

माझी चक्कर हा सरांना फार जिव्हाळ्याचा विषय होता. मी डोकं धरून स्टाफरूममध्ये बसले की ते खुर्ची ओढून समोर यायचे आणि कौतुकानं माझ्या कानांकडं बघायचे. माणसाच्या कानात आत पाणी असतं, माणूस थांबला तरी ते थांबत नाही, असं त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. "तुमच्या कानातलं पाणी अजून फिरतंय," असं ते म्हणायचे. इतकं मन लावून माझ्या तब्येतीची चौकशी माझ्या नवऱ्यानंही कधी केली नाही.

सर बुटके, गोल, कपाळाला विभूती आणि खिशात कायम एक सुतळी. सुतळीच्या टोकाला हाताला येईल ते बांधायचं आणि गरगर फिरवायचं. खडू, पेरू, डब्याचं झाकण, एकदा तर मुख्याध्यापकांची शिट्टी. पोरं त्यांना मागं भिंगरी सर म्हणायची. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते वर्गात येऊन म्हणाले की म्हणा खुशाल, पण म्हणणाऱ्यानं भिंगरीच्या काठावरच्या ठिपक्याला मध्याकडं कोण ओढतं ते आधी सांगायचं. त्यानंतर आठवडाभर कुणी भिंगरी म्हणालं नाही.

मधी कोण ओढतंय, हाच त्यांचा सवाल. काहीही फिरताना दिसलं की सर थांबणार आणि विचारणार. चंद्राला मधी कोण ओढतंय? यात्रेतल्या मौत का कुआँमधल्या मोटारसायकलवाल्याला मधी कोण ढकलतंय? एकदा स्टाफरूममध्ये गावातल्या दोन गटांची गोष्ट चालली होती. सगळी निवडणूक कशी एकाच जागेभोवती फिरतेय असं कुणीतरी म्हणालं आणि सरांनी निरागसपणे विचारलं, "मधी कोण ओढतंय?" मधी आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते. सगळे एकदम वह्या तपासू लागले आणि मुख्याध्यापक घंटा नीट टांगलीय का ते बघायला बाहेर गेले.

आपल्या ज्ञानावर त्यांचा इतका भरवसा की मला कधी हेवा वाटायचा, कधी कीव यायची. किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवताना सुटून कुठं उडाला की आपण तो शोधतो. सर शोधायचे नाहीत. ते डोळे मिटून सुटला तो क्षण आठवायचे, हवेत बोटानं गोल काढायचे, त्या गोलाला एक सरळ रेषा काढायचे आणि त्या रेषेवर चालत सुटायचे. सुटलेली वस्तू स्पर्शरेषेनंच जाते, त्यामुळं किल्ल्या तिथंच असणार. तिथं सहसा कुणाची तरी चप्पल असायची. किल्ल्या मग दुपारी पोषण आहाराच्या खिचडीत निघायच्या. सर म्हणायचे की रेषा बरोबरच होती, मध्ये भिंत लागून किल्ल्या वळल्या.

त्यांचा हातखंडा प्रयोग म्हणजे पाण्याची बादली. भरलेली बादली हातात धरून डोक्यावरून गोल फिरवायची, पाण्याचा थेंब सांडत नाही. दरवर्षी नवीन वर्गाला ते हे दाखवायचे आणि दरवर्षी पोरं श्वास रोखून बघायची. एके वर्षी शाळेत एक साहेब तपासणीला आले. त्यांना पुढच्या खुर्चीत बसवून सरांनी बादली फिरवायला सुरुवात केली. साहेबांच्या अंगावर नवा सफारी होता. दुसऱ्याच फेरीला त्यांचा धीर सुटला आणि ते म्हणाले, "बिराजदार, थांबा." सर वरिष्ठांच्या शब्दाबाहेर कधी गेलेले नाहीत. ते थांबले. बादली तेव्हा बरोबर डोक्यावर होती. निम्मं पाणी सरांच्या अंगावर आणि निम्मं सफारीवर गेलं. सरांनी बादली खाली ठेवली, चष्मा पुसला आणि वर्गाला सांगितलं की हा दुसरा प्रयोग. नंतर मला मात्र म्हणाले, "फिरवायला काय न्हाय, बाई. थांबायचं कुठं ते कळाया पायजे."

हे त्यांना शाळेत कळलं, पण घरी कळलं नाही. घरी महानंदाकाकू होत्या. काकू उंच, शांत आणि एका वाक्यात माणसाला जागेवर बसवणाऱ्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं. सरांचं बोलणं लांबलं की त्या मान वर न करता "सुम्न कुंडरी" एवढंच म्हणायच्या, म्हणजे गप बसा, आणि सर बसायचे. सगळ्या जगाला मधी कोण ओढतंय हे विचारत फिरणारा हा माणूस स्वतः कुणाभोवती फिरतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना एकच मुलगी, राजेश्वरी. तिला बघायला पहिलं स्थळ आलं ते ईट गावचं. पाहुणे बैठकीत बसले. काकूंनी चहा ओतून ताट आत तयार ठेवलं आणि मुलीला बोलवायला गेल्या. तेवढ्यात सरांना वाटलं की मुलीचं घराणं कसं आहे हे पाहुण्यांना कळायला हवं. त्यांनी ताटाला तीन बाजूंनी सुतळी बांधली, चहाचे कप त्यावर तसेच ठेवून ताट बाहेर आणलं आणि पाहुण्यांच्या समोर उभं राहून डोक्यावरून फिरवलं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. पण वर पंखा होता आणि तो चालू होता. ईटचे पाहुणे मुलगी न बघताच गेले. त्यांच्यातल्या एकाच्या टोपीत कपाचा कान निघाला, तो त्यांनी नंतर कुणाबरोबर तरी परत पाठवला.

राजेश्वरीला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तिच्या मनात दुसराच मुलगा होता. धाराशिवला कॉलेजात तिच्या वर्गात होता, उमरग्याचा, घरची आडत. करीन तर त्याच्याशीच, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं. मुलगा तयार होता, आईवडील तयार होते. राहिले होते ते मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे अज्जा म्हणायचे. त्या घरात अज्जांच्या होकाराशिवाय पोतंसुद्धा हलत नसे. त्यांना येळवशीला शेतात जेवायला बोलवायचं ठरलं.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे झोपडी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे आणि मग शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर आंबील. ताकातली ज्वारीची आंबील एक दिवस आधीपासून मुरत ठेवलेली असते आणि ती प्यायला माणसं लांबून येतात. सरांचं शेत त्या वळणाच्या पोटातच होतं, म्हणजे रस्ता ज्या शेताला वळसा घालतो तेच. मला दरवर्षी बोलावणं असायचं. त्या वर्षी काकूंनी बोलावलं आणि काम पण दिलं. सरांच्या शेजारी बसायचं आणि त्यांनी तोंड उघडलं की चिमटा काढायचा. सरांकडून त्यांनी आदल्या दिवशी वचन घेतलं होतं की दिवसभर काही फिरवायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. सुतळी जप्त झाली होती. सर मला हळूच म्हणाले, "पोरीसाठी एक दिस विज्ञानाला सुट्टी." ते हसत नव्हते. ईटचे पाहुणे उठून गेले ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पाहुणे हमीदभाईंच्याच जीपमधून आले. अज्जा खांदा चोळत उतरले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "काय वळण हाय वो तुमचं. पार बाहेरच फेकलं की मला."

सरांचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. त्यांचे ओठ हलले आणि मी चिमटा काढला. त्यांनी डोळे मिटले, नाकानं श्वास घेतला आणि अज्जांना नमस्कार केला. पूजा झाली, पंगत बसली आणि मला वाटलं की सुटलो.

पण आमच्याकडं पंगतीचा एक रिवाज आहे. पाहुणा "बास" म्हणतो. "बास" म्हटल्यावर यजमानानं वाढायला खरी सुरुवात करायची असते. पाहुण्यानं द्रोणावर हात आडवा धरायचा, यजमानानं हात बाजूला सारून ओतायचं, पाहुण्यानं ओरडायचं, असं चालतं. पहिल्या "बास"ला जो थांबला तो एकतर कंजूष नाहीतर वैरी. सर आंबिलीची बादली घेऊन पंगतीत फिरत होते आणि पहिल्या "बास"ला थांबत होते. काय करणार, आग्रह करायला तोंड उघडावं लागतं आणि सरांचं तोंड एकदा उघडलं की ते कुठं जाईल याची त्यांनाच खात्री नव्हती. वचन त्यांनी अगदी शब्दशः धरलं होतं. अज्जा "बास" म्हणाले, सरांनी मान हलवली आणि पुढं गेले. अज्जा आपल्या अर्ध्या द्रोणाकडं बघत राहिले. मुलाच्या आईनं उंडा ताटात परत ठेवला. मुलाचे वडील अज्जांच्या कानाला लागले.

अज्जांनी ताटातच हात धुतला. "पोरीचा बाप लई बोलका हाय म्हून ऐकलं होतं," ते म्हणाले, "हितं तर घे म्हनायला बी तोंड उघडंना. त्याच्या मनात न्हाय असं दिसतंय. जबरदस्तीचं लगीन आमाला नको."

कोपीच्या दारात राजेश्वरी उंड्यांचं ताट घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. तिनं पसंत केलेला मुलगा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. सरांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळायला लागली. त्यांनी तोंड उघडलं, काकूंकडं बघितलं आणि परत मिटलं. मी चिमटा काढला नाही. बोला, असं मी त्यांना मनातल्या मनात ओरडून सांगत होते. पण तो माणूस बोलेना. बोललो तर लग्न मोडेल असं त्याच्या मनानं घेतलं होतं आणि न बोलल्यानं ते त्याच्या डोळ्यांसमोर मोडत होतं.

तेव्हा काकू उठल्या. "अज्जा, तोंड म्या शिवलंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "तुमी उतरल्या उतरल्या म्हनला न्हवं, वळणानं बाहेर फेकलं म्हून? ते ऐकल्या धरनं त्यांच्या पोटात दुखायलंय. बाहेर कुणी फेकत न्हाय. माणूस सरळच चाललेलं असतंय. मधी कुणीतरी ओढून धरतंय, म्हून फिरतंय."

सरांच्या हातातली बादली खाली टेकली. लग्न झाल्यापासून काकू हे ऐकत आल्या होत्या आणि एकदाही हूं म्हटलं नव्हतं. सर त्यांच्याकडं असे बघत होते की जणू त्यांना पहिल्यांदाच बघायला आले आहेत.

अज्जा म्हणाले, ओढणारं कुणी असेल तर दाखव. काकूंनी पदर खोचला, सरांच्या पुढ्यातली आंबिलीची बादली उचलली आणि हरभऱ्याच्या कडेला मोकळ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला काही कळायच्या आत बादली खालून वर, डोक्यावरून मागं आणि परत खाली आली. परत गेली. आंबील बादलीत जिथल्या तिथं होती. मला चक्कर यायला लागली तरी मी डोळे मिटले नाहीत. अज्जा धडपडत उठले आणि हात वर करून म्हणाले, "थांब, अव्वा, थांब."

आणि पाहुणे आल्यापासून पहिल्यांदा सर बोलले. "थांबू नको, महानंदा. वर थांबू नको."

"मग थांबू कुठं?" काकूंनी फिरवता फिरवता विचारलं.

इतक्या वर्षांत बादली थांबवायची कशी हे सरांनी कुणालाच शिकवलं नव्हतं. ते काकूंच्या बाजूनं, बादली लागणार नाही अशा बेतानं, खेकड्यासारखे आडवे पळत सांगू लागले की खाली आली की हळू कर, हातासंगं दोन पावलं चाल, घाई करू नको. काकूंनी सगळं ऐकलं. बादली खाली आल्यावर त्या दोन पावलं चालल्यासुद्धा. फक्त चालताना त्यांनी बादली सोडून दिली.

बादली हरभऱ्यावरून सरळ गेली. मागं आंबिलीचा पांढरा पट्टा उमटत गेला आणि ती पलीकडच्या ज्वारीत शिरली. सर बोट दाखवून म्हणाले, "बघा, स्पर्शरेषा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोडलं की सरळच जाती. म्या सांगत होतो."

अज्जा पांढऱ्या झालेल्या हरभऱ्याकडं बघत राहिले. पूजेनंतर शेतात आंबील शिंपायची आमच्याकडं रीत आहे. सगळं शिवार फिरून करायचं काम असतं आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा कंटाळा येतो. "शिंपायचं काम झालं म्हना की," अज्जा म्हणाले. मग खाली बसले आणि त्यांनी द्रोण पुढं केला. "वाढा आता, मास्तर. बोलत बोलत वाढा."

सरांनी मडकंच उचलून आणलं. त्यानंतर अज्जा "बास" म्हणत राहिले आणि सर ओतत राहिले, आणि ओतताना चंद्र, भिंगरी, मौत का कुआँ सगळं सांगत राहिले. सूर्य मावळायला आला तेव्हा अज्जांनी सुपारी फोडायला सांगितली. हो म्हटल्याशिवाय हा माणूस मडकं खाली ठेवणार नाही असं दिसलं म्हणून हो म्हटलं, असं ते पुढं लग्नात प्रत्येकाला सांगत होते. बादली दुसऱ्या दिवशी सापडली. सर रेषा धरून गेले आणि ती रेषेवरच होती. त्यांच्या आयुष्यात रेषेवर सापडलेली ही एकच वस्तू.

पुढं सर निवृत्त झाले आणि दिवसभर शेतात असायला लागले. माझी बदली धाराशिवच्या शाळेत झाली. निघायच्या दिवशी मी माझी खोकी घेऊन हमीदभाईंच्या जीपमध्ये बसले. सरांना निरोप द्यायचा राहून गेला होता, म्हणजे मीच टाळला होता. मला ते जमत नाही.

वळण आलं. मी डोळे मिटले नाहीत. वळणाच्या पोटात, हरभऱ्याच्या मधोमध सर उभे होते. काकू त्यांच्या मागं वाकून भाजी खुडत होत्या. सरांच्या हातात सुतळी होती आणि टोकाला काहीतरी फिरत होतं, बहुतेक कांदा. त्यांनी जीप ओळखली, मला ओळखलं, फिरवणं तसंच चालू ठेवलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या छातीकडं बोट केलं.

जीप वळली. आम्ही सगळे त्यांच्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला कलंडलो. माझ्या शेजारची नवी पोरगी म्हणाली, "अगं बाई, फेकलंच की."

"कुणी फेकलेलं न्हाय," मी म्हटलं.

वळण संपलं, रस्ता सरळ झाला. मागं वळून बघितलं तर कांदा अजून फिरत होता. मला रडू आवरेना. हमीदभाईंनी आरशातून बघितलं आणि विचारलं, "क्या मॅडम, चक्कर आया क्या?"

मी म्हटलं, "हो. कानातलं पाणी अजून फिरतंय."